उजवीकडे अडकलेला काटा

१९ मार्च

बर्फ ४१ सेंटीमीटर. वारा ईशान्येचा, हलका. आकाश दुधाळ.

पाणी मोजायचं ठाणं बंद होऊन सहा वर्षं झाली, तरी या दोन ओळी लिहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. एकतीस वर्षं बाल्खाश सरोवराच्या या काठावर मी हेच केलं. सकाळ-संध्याकाळ सरोवराची पातळी वाचायची, हिवाळ्यात भोक पाडून बर्फ मोजायचा, वहीत लिहायचं. ठाण्याच्या कोऱ्या वह्या उरल्या त्या घरी आणल्या. माझी बायको उल्मेकेन म्हणते, "तुमचा पगार बंद झालाय हे सरोवराला सांगा एकदा, उगाच रोज वाट बघत बसतं बिचारं."

आज होडीवरचं लोकरीचं पांघरूण काढलं. पाच महिने अंगणात ठोकळ्यांवर उभी होती. आतून अजून ऑक्टोबरचा वास येत होता, ओल्या लाकडाचा आणि माशांचा. बॅटरी घरात चुलीमागे ठेवली होती ती आणून जोडली. वायरींच्या टोकांवर हिरवट थर चढला होता, टाकीच्या अर्थिंगच्या वायरीवर तर इतका की तांबं दिसेना. पॉलिश पेपरने सगळं लख्ख घासलं, नट आवळले, चावी फिरवली.

पेट्रोलचा काटा शून्यावरून उठला आणि सावकाश, अगदी झोपेत चालल्यासारखा, उजवीकडे जाऊन 'भरली'च्या खुणेवर थांबला. टाकी रिकामी आहे. म्हणजे थंडीत काटा बिघडला. होतंच असं, हिवाळा दर वर्षी काहीतरी खातोच.

२० मार्च

बर्फ ४१. वारा नाही.

साद्वाकास आला. आम्ही दोघं एकाच वर्षी जन्मलो, म्हणजे त्याला माझी वाटेल तेवढी टिंगल करायची मुभा आहे, आणि चौसष्ट वर्षांत त्याने ती एक दिवसही वाया घालवलेली नाही. पण ट्रॅक्टर ठाण्यावर जन्मभर वायरमन होता, विजेचं त्याला कळतं.

"काय म्हणतो तुझा काटा?"

"टाकी भरलीय म्हणतो."

"मग भरली असेल."

"रिकामी आहे रे."

"तुला कसं ठाऊक?"

"काट्यावरूनच. ऑक्टोबरात शून्यावर होता."

तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. "म्हणजे तेव्हाचा काटा सत्यवादी आणि आत्ताचा लबाड?"

"तेव्हा होडी पाण्यात होती, चालती होती. आता पाच महिने थंडी खाल्लीय तिने."

"थंडी तूही खाल्लीयस," साद्वाकास म्हणाला आणि चहा मागितला.

काठी घालून बघ म्हणाला. टाकी पुढच्या फळ्यांच्या खाली आहे आणि तोंडाच्या नळीला दोन वळणं आहेत, काठी जात नाही. आमच्या वडिलांनी बसवलेली नळी, ती बदलायची नाही. मग तो जुनंच उगाळत बसला. होडी वर ओढताना ट्रॅक्टरचा दोर तुटला होता, तेव्हाही त्याने "आत उल्मेकेन बसलीये का?" असं विचारलं होतं. लाकूड पाणी प्यायलं होतं, दुसरं काय.

२२ मार्च. नौरिझ

बर्फ ४०. ऊन. पागोळ्या गळायला लागल्या.

नव्या वर्षाचा दिवस, आणि मी दिवसभर चिडून बसलो. दुपारी पलीकडच्या काठावरून टपालवाला बर्फावरून गाडी घेऊन आला आणि एसिर्केपच्या घरून आलेलं मोठं वाडगं देऊन गेला. सात जिनसांची पेज, अजून कोमट. माझा धाकटा भाऊ एसिर्केप समोरच राहतो. सरोवर इथे अरुंद आहे, बर्फावरून चार किलोमीटर. रस्त्याने वळसा घालायचा तर दोन दिवस.

मी उल्मेकेनला म्हटलं, "वाडगं रिकामं परत पाठव."

तिचा हात तसाच थांबला. "काय बोलताय? कुणाचं भांडं कुणी रिकामं परत पाठवतं का? लोक शेण घालतील तोंडात."

"त्याने माझी होडी रिकामी परत केली ती चालली?"

झालं ते इथे लिहूनच टाकतो. ऑक्टोबरात त्याने होडी मागितली. मुलीच्या सासरची मंडळी बोलणी करायला यायची होती, त्यांना इकडच्या स्टेशनावरून पलीकडे न्यायचं होतं. मी दिली. आठवड्याने धुक्यात कधीतरी आणून बांधली, चावी खुंटीला लावली आणि सोबत आलेल्या दुसऱ्या होडीतून चहाही न घेता परत गेला. सकाळी चावी फिरवली तर काटा शून्यावर! शेजारणीची वाटी परत करताना आपण चार तळलेले बोरसाक तरी घालतो, आणि याने सख्ख्या मोठ्या भावाची होडी कोरडी करून दिली.

डिसेंबरात लग्न झालं. बर्फावरून सगळे गेलो. मोठा काका म्हणून बोलायला मला पहिलं उभं केलं. आशीर्वाद दिला, आणि मग जीभ सैल सुटली. नव्या व्याह्यांकडे बघून म्हणालो, "मुलगी चांगली आहे, घेऊन जा. फक्त बापाला भांडं उसनं देऊ नका, रिकामं परत येतं." काही लोक हसले. एसिर्केप पाहुण्यांना मांस वाढत होता. त्याने मान खाली घातली आणि वाढत राहिला. तोंडातून अवाक्षर नाही. चोराला बोलायला तोंड असतं का?

तेव्हापासून बोलणं नाही. उल्मेकेन आज म्हणाली, "आजच्या दिवशी कुणी राग धरत नाही. बर्फ अजून धरून आहे, जाऊन या." मी म्हटलं, धाकट्याने मोठ्याकडे यायचं असतं. तिने वाडगं भरून बोरसाक पाठवले, माझ्या डोळ्यांदेखत, वर साखरेचे खडेही ठेवले.

२७ मार्च

बर्फ ३६, वरचा थर भुसभुशीत. दक्षिणेचा वारा, कोमट.

आज दुपारी समोरचा काठ हवेत उचलला गेला. वसंतात असं होतं, खालून उजेडाची एक पट्टी सरकते आणि पलीकडची घरं बर्फाच्या वर तरंगायला लागतात. एसिर्केपचं घर तर उलटं लटकलं होतं, धुराडं खाली. धूर खाली सांडत होता. मी होडीच्या काठावर बसून किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. ठाण्यावर असताना हे वहीत 'दृष्टिभ्रम' म्हणून लिहायचो आणि वेळ टाकायचो. आज वेळ बघायची राहिली.

साद्वाकासने काटा तपासला. टाकीवरून येणारी वायर काढली, काटा धपकन शून्यावर आला, अगदी ऑक्टोबरात होता तसा. वायर लावली, पुन्हा भरलेला. पुन्हा काढली, शून्य. तो म्हणाला, "काटा ठणठणीत आहे. वायर तुटली तर शून्य दाखवणार, जोडली तर आहे ते दाखवणार. याहून प्रामाणिक काटा मी ट्रॅक्टर ठाण्यावर पाहिला नाही."

"मग रिकामी टाकी भरलेली का दाखवतोय?"

"ते टाकीला विचार. मी काट्याचा डॉक्टर."

माझा अंदाज असा आहे की टाकीतला तरंगणारा गोळा गोठून वरच्या बाजूला चिकटला असणार. हे वहीत नोंदवतो.

१ एप्रिल

बर्फ मोजला नाही, पाय ठेवण्यासारखा राहिलेला नाही. काठालगत दोन हात पाणी मोकळं.

उल्मेकेन टेकाडावर जाऊन जावेशी फोनवर बोलून आली. फोन तिथेच लागतो. चेहरा उतरलेला होता. "मिर्झा चालले," म्हणाली. दिराचं नाव ती घेत नाही. आमच्यात सुना नवऱ्याकडच्यांची नावं घेत नाहीत, लग्न होऊन आली तेव्हा एसिर्केप नऊ वर्षांचा होता, तेव्हाच तिने त्याला मिर्झा केलं.

"कुठे चालला?"

"अक्ताऊला, मुलाकडे. कायमचे. घर विकलं. वीस तारखेला ट्रक येतोय, वाळूच्या रस्त्याने दक्षिणेकडे जाणार."

अक्ताऊ म्हणजे देशाचं दुसरं टोक, दुसऱ्याच समुद्राच्या काठी. हातातला पाना पुसत राहिलो. ती म्हणाली, "होडी पाण्यात घाला, बर्फ गेला की जाऊ. वीस दिवस आहेत."

"काटा दुरुस्त झाल्याशिवाय होडी निघणार नाही," मी म्हटलं. हा काही हट्ट नाही. तीन वर्षांपूर्वी खालच्या वस्तीतला बोराश पेट्रोल संपून बर्फाच्या तुकड्यांत वाहत गेला, होडी जूनमध्ये सापडली. टाकीत किती आहे हे न कळता वितळत्या बर्फात शिरणारा माणूस मूर्ख असतो. त्यात चिखलाने रस्ता बंद, पेट्रोलची गाडी महिनाभर येणार नाही. घरात वीस लिटरचा एक डबा आहे, तेवढाच.

एसिर्केपचा हात आधीपासूनच सढळ. नोव्हेंबरात दहा दिवस त्यांच्या घरात संध्याकाळचा दिवा दिसला नव्हता, जनित्राला पेट्रोल उरलं नाही म्हणे. मी तेव्हाच म्हटलं होतं, लग्नाच्या तयारीत उधळलं असणार.

५ एप्रिल

काठापासून पन्नास पावलं पाणी. धुकं. पेलिकन आले, सतरा मोजले.

दुपारी होडीतच डोळा लागला. स्वप्न पडलं की होडी अंगणातच आहे पण पाणी दाराशी आलंय, आणि वडील सुकाणूवर बसलेत. एसिर्केप लहान, माझ्या पाठीवर, त्याचे ओले पाय माझ्या पोटाशी. वडील म्हणाले, "किती उरलंय बघ रे." मी काट्याकडे बघतो तर काटाच नाही, तिथे एसिर्केपचा चेहरा. मी म्हटलं, "दिसत नाही." वडील म्हणाले, "नीट बघ." जाग आली तेव्हा तोंडावर ऊन आणि कानात पाण्याचा आवाज. पाठीवर खरंच कुणी होतं असं वाटत राहिलं. त्याला मी खरंच पाठीवर घेऊन पाण्यातून न्यायचो. आई गेली तेव्हा तो चारचा आणि मी सतराचा.

साद्वाकासने एका मोडक्या ट्रकमधला काटा काढून आणला. तो बसवून बघितला. तोही भरलेला.

साद्वाकास म्हणाला, "दोन साक्षीदार झाले, न्यायाधीश महाराज. तिसरा कुठून आणू?"

"दोन्ही एकाच वायरीवर आहेत. दोघांना एकच खोटं ऐकू येतंय."

"कोयशीबाय," तो म्हणाला, आणि चक्क टिंगल न करता, "तुला काटा दुरुस्त करायचाय की तो चूक आहे हे सिद्ध करायचंय?"

मी जुना काटा परत बसवला.

९ एप्रिल

बर्फ काळा पडला. रात्रभर कुरकुरत होता असं उल्मेकेन म्हणते, मी झोपलो होतो.

आज भांडण. मी बॅटरीपासून काट्यापर्यंतची वायर नवी घालत होतो, तेवढ्यात ती चहाची किटली घेऊन आली आणि किटली जमिनीवर आपटली.

"वायर बदलली, काटा बदलला, फ्यूज बदलला. आता काय, नवरा बदलू?"

"कामात डोकं घालू नकोस."

"अहो, तुम्हाला तो काटा दुरुस्तच करायचा नाहीये. तो दुरुस्त झाला तर जावं लागेल ना! मग मिर्झांच्या दारात उभं राहून काय बोलणार? म्हणून वायरी मोजत बसलाय. वीस तारीख गेली की आपोआप नीट होईल बघा तुमचा काटा."

मी म्हटलं, मी मोठा आहे. ती म्हणाली, "मोठे आहात ना? मग मोठ्यासारखं वागा." आणि गेली. चहा तिथेच गार झाला. खरं सांगायचं तर तिचं बोलणं लागलं. मी जायला घाबरतोय का? मला नाही वाटत. मी फक्त एक काम अर्धं टाकून दुसरं करत नाही, ठाण्यावरची सवय आहे. आणि तो तिकडे गेला तर आम्ही पुन्हा भेटू असं मला वाटत नाही. मी चौसष्टचा.

आता एकच राहिलं, टाकी उघडून तो गोळा बाहेर काढायचा. झाकणाचे पाच स्क्रू वडिलांच्या काळापासून गंजलेत. त्यांच्यावर तेल सोडून ठेवलं.

१२ एप्रिल

बर्फात मोठी भेग, इकडच्या टोकापासून पार धुक्यात जाणारी. वारा पडलेला.

दोन स्क्रू सुटले. तीन हलत नाहीत. पुन्हा तेल.

दिवसभर सगळं पांढरं होतं, पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते दिसत नव्हतं. मधूनच बर्फ मोठा श्वास सोडल्यासारखा आवाज करत होता. पलीकडून कुणीतरी हातोडा मारत होतं, चार किलोमीटरवरून स्वच्छ ऐकू येत होतं, ठक, मग बराच वेळ काही नाही, मग ठक. सामानाच्या पेट्या ठोकत असणार. मी पण माझं काम थांबवून थांबवून ऐकत होतो. दुपारी कधीतरी बंद झालं.

१५ एप्रिल

बर्फ सुटला. सकाळी अकराला सगळं एकदम हललं. पश्चिमेचा वारा.

पाचवा स्क्रू दुपारी सुटला. झाकण पकडीने हळूहळू उचललं, म्हटलं गोळा चिकटलेला असेल तर दांडी मोडायला नको. दांडी अलगद वर आली. गोळा वर आला, ओला, त्याच्यावरून थेंब गळत होते. खाली बघितलं.

टाकी काठोकाठ भरलेली होती. पेट्रोल थरथरत होतं आणि त्यात आकाश दिसत होतं, ढगांसकट, आणि मधे माझं डोकं. मला आधी वाटलं, हाही त्या उलट्या घरासारखाच प्रकार. मी हात घातला. मनगटापर्यंत गार पेट्रोल. हात बाहेर काढून वास घेतला, पुन्हा घातला. गोळा सोडला की तरंगायचा, बुडवला की वर यायचा. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

मी फळीवर बसून राहिलो. वायर काढली की शून्य. साद्वाकासने सत्तावीस मार्चला माझ्यासमोर दाखवलं होतं. ऑक्टोबरातच अर्थिंगवर ती हिरवी घाण चढली होती, वायर असून नसल्यासारखी होती, म्हणून काटा शून्यावर होता. १९ मार्चला मी ती पॉलिश पेपरने घासली. काटा त्याच मिनिटाला नीट झाला. चार आठवडे मी नीट असलेला काटा दुरुस्त करत होतो. आणि एकतीस वर्षं सरकारने मला मापं वाचायचा पगार दिला!

टाकीत ऐंशी लिटर मावतं. त्याने होडी परत करताना ऐंशी लिटर भरून दिलं होतं. आणि नोव्हेंबरात त्याच्या घरी दहा दिवस दिवा नव्हता.

उल्मेकेन आली, आत बघितलं. काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं. माझा हात आपल्या रुमालाने पुसला आणि घरात गेली. मी तिथेच बसून रडलो. हे लिहायचं नव्हतं, पण ही वही माझीच आहे.

१६ एप्रिल

मोकळं पाणी ठाण्याच्या जुन्या खांबापर्यंत. पुढे तुकडे.

काही नाही.

१८ एप्रिल

वारा फिरला, पूर्वेचा, जोरदार. सगळा बर्फ अरुंद भागात येऊन अडकला.

काल होडी पाण्यात घातली. ट्रॅक्टर साद्वाकासनेच चालवला. त्याला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, आता मरेपर्यंत हा मला ऐकवणार. तो टोपी काढून डोकं खाजवत उभा राहिला आणि म्हणाला, "दोर उगाच तुटला नव्हता तर." एवढंच. मग म्हणाला, "भर लग्नात बोललास रे. आता कानात जाऊन माफी मागून चालायचं नाही. जितक्या लोकांत थुंकलास तितक्या लोकांत पुसावं लागेल."

फोन करावा म्हणून टेकाडावर दोनदा गेलो. नंबर लावला आणि वाजायच्या आत तोडला. काय बोलू? दुसऱ्यांदा उल्मेकेन मागून आली होती, तिने पाहिलं. म्हणाली, "राहू द्या. हे फोनवर बोलायचं नाही." समोर बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढून बसलेत, होडी तर सोडाच, बदकालाही वाट नाही. मी दर तासाला वाऱ्याची दिशा लिहितोय. पूर्व. पूर्व. पूर्व-ईशान्य. ठाण्यावर असताना दिवसातून दोनदाच लिहायचो.

२० एप्रिल

पहाटे वारा पडला. साडेसहाला मधे एक वाट उघडली, शंभर हात रुंद असेल.

घरी येऊन लिहितोय, अंग दुखतंय.

निघालो तेव्हा पाणी अगदी निश्चल होतं. दोन्ही बाजूंना बर्फ, त्यावर उन्हाचा गुलाबी रंग, आणि तुकडे एकमेकांना लागून काचेच्या भांड्यांसारखे किणकिणत होते. उल्मेकेन पुढे बसून हाताने दाखवत होती, इकडून, तिकडून. मी काट्याकडे एकदाही बघितलं नाही. मोटर त्याच्या पेट्रोलवर चालली होती आणि मला सारखं वाटत होतं की आपण झोपेतच आहोत, आता वडील काहीतरी विचारतील.

पोचलो तेव्हा ट्रक भरून तयार होता. अंगणात सतरंजीवर निरोपाचा चहा मांडलेला. मुलीच्या सासरचे लोक ट्रकबरोबर सामान चढवायला आले होते, तेच व्याही, लग्नात हसलेले. एसिर्केपने मला बघितलं, उठला, दोन्ही हातांनी माझा हात धरला, जसा धाकट्याने आगाचा, म्हणजे थोरल्या भावाचा, धरायचा तसा. त्याचे केस पांढरे झालेत. डिसेंबरात इतके होते का? मी तेव्हा बघितलंच नव्हतं.

मला वरच्या जागी बसवलं. चहा झाला आणि व्याही म्हणाले, "थोरले आलेत, बरं झालं. प्रवासाचा आशीर्वाद तुम्हीच द्या." सगळ्यांनी आशीर्वादासाठी हात पसरले. मी म्हटलं, "हात खाली घ्या. आधी मला एक सांगायचंय."

मी पुढे म्हटलं, "लग्नात मी तुम्हा सगळ्यांसमोर याला म्हणालो की याच्याकडून भांडं रिकामं परत येतं. टाकी भरलेली होती. काठोकाठ. सहा महिने माझ्या अंगणात भरलेली उभी होती आणि मी याला चोर म्हणत होतो."

एसिर्केप पटकन म्हणाला, "काटा खराब झाला असेल, आगा. ओलीने होतं असं. त्यात तुझा काय दोष?"

निसटायला केवढी मोठी वाट दिली त्याने मला! जन्मभर त्या वाटेने गेलो असतो. पण म्हटलं, "काट्याला एक वायर खराब होती, ती मिनिटाची गोष्ट. मी तुला एकदा विचारलं असतं तर झालं असतं. विचारलं नाही. दोष माझा. तुम्ही सगळे ऐकताय ना?" व्याही म्हणाले, ऐकलं. मग मी हात पसरले आणि आशीर्वाद दिला, अर्ध्यात शब्द विसरलो, उल्मेकेनने हळूच पुढचे सांगितले.

ट्रकवरचे दोर आवळताना आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "लग्नात बोलला का नाहीस?"

"तू बोलत होतास, आगा. लोकांत तुला मधेच कसा तोडू?"

"आणि नंतर? चार महिने?"

तो गाठ मारत राहिला. म्हणाला, "घर जानेवारीतच विकलं होतं. मुलगा म्हणाला, बर्फावरून ट्रक आणतो, लगेच निघा. मी म्हटलं, नको. वसंतात आगा होडी काढेल, त्याला कळेल, तो येईल. एप्रिलची वीस तारीख मीच घातली. बर्फ त्याच्या आधी जातोच, तूच तर मला शिकवलंस."

मी त्याच्या खांद्याला धरून उभा राहिलो. एकोणीस मार्चला कळलं असतं तर महिनाभर मिळाला असता, बर्फावरून चालत गेलो असतो.

मग एसिर्केप आणि त्याच्या घरचे ट्रकमध्ये चढले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि मागची चाकं वाळूत रुतली. ओझं फार होतं. सगळे धावले, व्याही, शेजारी, बायकाही. फळ्या टाकल्या. एसिर्केप खाली उतरायला लागला, त्याला मी ओरडून बसवलं. मी मागच्या फळीला खांदा लावला. चाकं फिरत होती, वाळू तोंडावर उडत होती, आणि मी मनात म्हणत होतो, रुत, आणखी रुत, आजचा दिवस तरी रुतून बस. आणि सगळा जीव खांद्यात आणून ढकलत होतो. तिसऱ्या वेळेला ट्रक निघाला.